आधी खाटेला खिळा, मग बोला

मधुमेह २४ तास सोबत असतो. आमच्या आरोग्य विम्यालाही पैसे द्यायला २४ तासच हवेत, पण ते रुग्णालयाच्या खाटेवरचे. दंडावर चिकटवलेला, साखर सतत मोजणारा सेन्सर १४ दिवसांत संपतो, आणि त्याचे बिल पाठवले की ठरलेले उत्तर येते: 'बाह्य उपकरण, देय नाही.' बाह्य? त्याचा तंतू कातडीखाली शिरलेला असतो, ती कातडी काय शेजाऱ्याची? साखर तपासायच्या स्ट्रिप्स नाहीत, बोट टोचायच्या सुया म्हणजे लॅन्सेट नाहीत, इन्सुलिन पंपाचे तर नावच काढू नका. २०२४ मध्ये विमा नियामकाने विमा घेण्याआधीपासूनच्या आजारांना संरक्षण मिळण्यासाठीची कमाल प्रतीक्षा ४८ महिन्यांवरून ३६ महिन्यांवर आणली म्हणून आम्ही पेढे वाटायचे. पण इतकी वर्षे इमानेइतबारे हप्ते भरून पदरात काय पडते, तर साखर चढून बेशुद्ध पडल्यास अतिदक्षता विभागाचा खर्च. म्हणजे रात्री दोन वाजता साखर ५५ वर घसरल्याचा इशारा देणारे यंत्र ही चैन, आणि पुढे पाय कापण्याचे लाखांचे बिल ही गरज! अहो, हा हिशेब मांडतो तरी कोण? आणि हप्ता वाढवताना हाच घरी बसलेला मधुमेह या विमा कंपन्यांना कसा अगदी स्वच्छ दिसतो?