गणित सोडा म्हणे, बिनधास्त!

रविवारी सकाळी दाजींनी फॅमिली ग्रुपवर एक लांबलचक मेसेज टाकला. "दहावीनंतर विषय निवडण्याचे ९ सुवर्णनियम, प्रत्येक पालकाने वाचलेच पाहिजेत". खाली लिहिणाऱ्याचं नाव नाही, साल नाही, पण हात जोडल्याच्या इमोजी मोजून अकरा. असले मेसेज निकालाच्या आसपास दरवर्षी येतात, मी न वाचता पुढे जाते. पण दुपारी भाचीचा फोन आला, "मावशी, मी मॅथ्स सोडते आणि बायो ठेवते, कॉम्प्युटर इंजिनिअरिंग तरीपण मिळतं ना, पप्पांनी पाठवलंय त्यात आहे." मग मात्र वाचला. पूर्ण. मी ज्युनिअर कॉलेजला फिजिक्स शिकवते आणि ॲडमिशनच्या दिवसांत विषय बदलून द्या म्हणणाऱ्यांची रांग दरवर्षी बघते, त्यामुळे थोडं रागातच लिहितेय, समजून घ्या.

आधी तोच नियम घेते. मेसेजमध्ये तो चौथा आहे, पण नुकसान सगळ्यात जास्त तोच करणार. "गणित आवडत नसेल तर बिनधास्त सोडा, एआयसीटीईने २०२१ मध्येच इंजिनिअरिंगसाठी गणिताची सक्ती काढून टाकली आहे."

ही थाप हवेतून आलेली नाही, हेच वाईट आहे. २०२१ मध्ये एआयसीटीईच्या, म्हणजे देशातल्या तंत्रशिक्षण परिषदेच्या, हँडबुकात खरंच चौदा विषयांची यादी आली होती, त्यातले कुठलेही तीन चालतील अशी. त्या यादीत बायोलॉजी होतं, शेती होती, बिझनेस स्टडीजसुद्धा होतं! त्यावर केवढा गदारोळ झाला तो आठवत असेल. मग परिषदेनेच खुलासा केला की गणित इंजिनिअरिंगचा पाया आहे आणि तो तसाच राहणार, राज्यांवर आणि विद्यापीठांवर या यादीची सक्ती नाही, ज्यांचं गणित नाही त्यांच्यासाठी ब्रिज कोर्स (राहिलेला विषय भरून काढायचा छोटा कोर्स) वगैरे. मेसेज लिहिणाऱ्याने पहिली बातमी वाचली आणि खुलासा यायच्या आत पेपर रद्दीत घातला.

आपल्या पोरांना ॲडमिशन कुठे घ्यायचीय? बहुतेकांना इथेच, महाराष्ट्रात. मग राज्याच्या सीईटी सेलची, म्हणजे प्रवेश परीक्षा घेणाऱ्या खात्याची, इंजिनिअरिंग प्रवेशाची माहिती पुस्तिका उघडा, फुकट आहे, पीडीएफ आहे. पात्रतेच्या पानावर लिहिलंय की बारावीला फिजिक्स आणि मॅथेमॅटिक्स कम्पल्सरी, आणि तिसरा विषय केमिस्ट्री, बायोलॉजी, बायोटेक्नॉलॉजी, कॉम्प्युटर सायन्स, आयटी अशांपैकी एक. म्हणजे जिथे सूट आहे ती तिसऱ्या विषयाला. गणिताला नाही. (आणि केमिस्ट्री सोडायच्या भानगडीतही पडू नका, सीईटीच्या पीसीएम म्हणजे फिजिक्स-केमिस्ट्री-मॅथ्स ग्रुपमध्ये केमिस्ट्रीचा पेपर आहेच.)

आता एमएचटी-सीईटीचे, म्हणजे त्याच राज्याच्या प्रवेश परीक्षेचे, मार्क बघा. पीसीएम ग्रुप एकूण २०० मार्कांचा. फिजिक्सचे ५० प्रश्न ५० मार्कांना, केमिस्ट्रीचे ५० प्रश्न ५० मार्कांना, आणि गणिताचे ५० प्रश्न प्रत्येकी दोन, म्हणजे १०० मार्कांना. निम्मी परीक्षा गणिताची आहे हो! आणि हा माणूस म्हणतो बिनधास्त सोडा.

बरं, इंजिनिअरिंग जाऊ दे. गणित सोडलेल्या मुलांना ते दुसऱ्या दारातून परत भेटतं, त्याबद्दल मेसेजमध्ये चकार शब्द नाही. सीए फाउंडेशनला, म्हणजे सीए व्हायच्या पहिल्या परीक्षेला, कुठल्याही शाखेचा मुलगा बसू शकतो, पण चारातला एक अख्खा पेपर क्वांटिटेटिव्ह ॲप्टिट्यूडचा, म्हणजे व्यापारी गणित, लॉजिकल रीझनिंग आणि संख्याशास्त्र. दिल्ली विद्यापीठात इकॉनॉमिक्स ऑनर्स करायचं तर गणित लागतं. बीसीएला, म्हणजे कॉम्प्युटरच्या पदवीला, बऱ्याच ठिकाणी गणिताशिवाय जाता येतं, हे मान्य, पण तिथून एमसीए करायला निघालात की बारावीचं नाहीतर पदवीचं गणित विचारतात आणि नसेल तर ब्रिज कोर्स करा म्हणतात. नंतर एकटा विषय देऊन बारावीचं गणित भरून काढता येतं, केलंय लोकांनी, पण पदवीचा अभ्यास चालू असताना पुन्हा इंटिग्रेशन घेऊन बसायचं म्हणजे काय ते त्यांनाच विचारा.

याचा अर्थ सगळ्यांनी गणित घ्या असा नाही. भाचीला नर्सिंगला जायचं असतं, डॉक्टर व्हायचं असतं, तर मीच म्हटलं असतं सोड. पण तिला कॉम्प्युटर हवंय!

बाकीचे नियम पटापट उरकते.

"सायन्स घ्या, सगळे दरवाजे उघडे राहतात." अर्धं खरं आहे, नाइलाजाने मान्य करते. सायन्सचा मुलगा पुढे बीए, बीकॉम, लॉ कुठेही जाऊ शकतो, आर्ट्सच्या मुलीला मात्र इंजिनिअरिंगला येता येत नाही. पण दरवाजे उघडे ठेवण्यासाठी ज्या पोराला फिजिक्सचा एक धडा झेपत नाही त्याला दोन वर्षं वर्गात बसवायचं, आणि शेवटी ४८ टक्के घेऊन तो बीएलाच जाणार असेल, तर ८० टक्के घेऊन सरळ का नाही गेला? असे दरवर्षी पाच-सहा तरी माझ्या वर्गात असतात. मागच्या बाकावर, वहीत चित्रं काढत. चित्रं बाकी छान असतात.

"आर्ट्सवाल्यांना एनडीए बंद." साफ खोटं. एनडीएच्या (लष्करी अधिकारी घडवणारी अकादमी) आर्मी विंगला कुठल्याही शाखेची बारावी चालते, एअर फोर्स आणि नेव्हीला फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स लागतं. पण लेखी परीक्षा सगळ्यांना एकच, ९०० मार्कांची, आणि त्यात गणिताचा पेपर ३०० चा. आर्ट्सचा मुलगाही त्यातून सुटत नाही, म्हणजे हेही फिरून गणितावरच आलं.

"नीटला आता बारावीला बायो लागत नाही." नीट म्हणजे मेडिकलची प्रवेश परीक्षा. नोव्हेंबर २०२३ मध्ये मेडिकल कमिशनने एवढंच सांगितलं की ज्यांनी बायोलॉजी किंवा बायोटेक्नॉलॉजी ॲडिशनल विषय म्हणून पास केलाय त्यांनाही नीट देता येईल. पास करायचंच आहे. लागत नाही कुठे?

"मराठी घेऊ नका, मार्क खाते, फ्रेंच-जर्मन घ्या." इंजिनिअरिंगच्या सीईटी मेरिटमध्ये भाषेचे मार्क धरतच नाहीत, तेव्हा खाणार काय? एनआयटीच्या (केंद्र सरकारची इंजिनिअरिंग कॉलेजं) बारावीला ७५ टक्क्यांच्या अटीत पाच विषय धरतात, त्यात एक भाषा असते, त्यांनी जरूर हिशोब करावा. पण शून्यातून फ्रेंच शिकणं सोपं आणि दहा वर्षं शिकलेलं मराठी अवघड, हे गणित मला तरी सुटलेलं नाही.

"पीसीएमबी घ्या, दोन्ही हातात लाडू." म्हणजे मॅथ्स आणि बायो दोन्ही. ज्याचं खरंच ठरलेलं नाही त्याने सुरुवातीला घ्यावं, माझी हरकत नाही. पण कुठल्या तारखेपर्यंत विषय बदलता येईल हे कॉलेजच्या ऑफिसात पहिल्याच आठवड्यात विचारून ठेवा. दिवाळीनंतर रडत येणारे फार असतात, तेव्हा कुणाच्याच हातात काही नसतं.

आणि शेवटचा, नववा. "बोर्डाचे मार्क आता कोणी विचारत नाही, कॉलेजला जाऊ नका, क्लास पुरे." राज्यातल्या इंजिनिअरिंगला बारावीला ओपनला ४५ टक्के, राखीवला ४० एवढी पात्रता हवी, मेरिट सीईटीवर, इथवर खरं. पण सीईटीत अकरावीचाही साधारण २० टक्के अभ्यास येतो आणि आयआयटी-एनआयटीला बारावीला ७५ टक्के (एससी-एसटीला ६५) नाहीतर बोर्डाच्या टॉप २० पर्सेंटाइलमध्ये, म्हणजे वरच्या २० टक्के मुलांत, असावं लागतं. शिवाय फिजिक्स, केमिस्ट्री, बायोला प्रत्येकी ३० मार्कांचं प्रॅक्टिकल असतं. गेल्या वर्षी प्रॅक्टिकल परीक्षेला असाच एक क्लासवाला मुलगा होता, डेरिव्हेशन तोंडपाठ, पोरगं हुशार, आणि स्क्रू गेज (बारीक जाडी मोजायचं उपकरण) हातात दिल्यावर त्याने मला हळूच विचारलं, "मॅडम, हे कुठल्या बाजूने धरायचं?"

भाचीला संध्याकाळी पुस्तिकेचं ते एक पान पाठवलं. तिने गणित ठेवलंय. आता बायो की आयटी यावर घरात भांडण चालू आहे, आणि दाजी म्हणतायत की मेसेज त्यांना ऑफिसातल्या साहेबांनी पाठवला होता, त्यामुळे ग्रुपवरून डिलीट करणं बरं दिसणार नाही.