बाण काढण्याआधी स्क्रीन मोकळी करा

सातबारा ऑनलाइन कसा काढायचा, योजनेचा अर्ज कसा भरायचा, असे व्हिडिओ मराठीत आता ढिगाने आहेत. माहिती बहुतेकदा बरोबर असते, तरी खाली कमेंट येतेच: "दादा, नक्की कुठे क्लिक केलं?" ही बघणाऱ्याची चूक नाही. त्याची नजर त्या वेळी दुसरीकडे होती आणि ती तिकडे आपणच, म्हणजे व्हिडिओ बनवणाऱ्यांनीच, पाठवली होती.

डोळ्याला एका वेळी अगदी स्पष्ट दिसतो तो जेमतेम २ अंशांचा भाग. हात लांब करून अंगठा धरा, साधारण तेवढाच. बाकीचं धूसर असतं. नवी गोष्ट दिसल्यावर नजर तिकडे निघायलाच साधारण २०० मिलिसेकंद जातात, म्हणजे सेकंदाला २५ फ्रेम (चित्रं) असलेल्या व्हिडिओत ५ फ्रेम. 'जिल्हा' म्हणता म्हणता तुम्ही यादी उघडून नाव निवडून मोकळे होता, तोवर समोरचा ती यादीच शोधत असतो.

आता मापाचं बघू. लॅपटॉपची १९२० पिक्सेल रुंदीची स्क्रीन उभ्या धरलेल्या मोबाईलवर सुमारे ७ सेंटीमीटरमध्ये मावते. १६ पिक्सेलचं अक्षर तिथे अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास उरतं. त्याभोवती कितीही जाड लाल गोल काढा, माणसाला गोल दिसेल, अक्षर नाही. म्हणून रेकॉर्डिंग सुरू करण्याआधीच ब्राउझरचा झूम १५० टक्के करा, जास्तीचे टॅब आणि बुकमार्कची पट्टी बंद करा, नोटिफिकेशन थांबवा. उरलेला झूम एडिटिंगमध्ये द्या. पण १०८० च्या (१९२०×१०८० पिक्सेल) रेकॉर्डिंगला १०८० च्याच टाइमलाइनवर (एडिटिंगची पट्टी, जिथे शॉट मांडतात) दुप्पट ओढलंत तर अक्षरं फुटतात. तिथपर्यंत जायचं असेल तर रेकॉर्डिंगच ४के मध्ये (रुंदी-उंची दोन्ही दुप्पट) हवं.

झूम अर्ध्या सेकंदाचा पुरे: ३० फ्रेमच्या व्हिडिओत १५ फ्रेम, सुरुवातीला आणि शेवटी हळुवार. झूम थांबल्यावर किमान अर्धा सेकंद काहीही हलवू नका, मगच क्लिक. झूम चालू असतानाच क्लिक केलं की ते हमखास निसटतं, कारण तेव्हा सगळंच हलत असतं. कर्सरचंही तेच. बोलता बोलता तो गोल गोल फिरवायची सवय अनेकांना असते, ती मोडायलाच हवी. कर्सर सरळ रेषेत न्या, थांबवा, नाव घ्या, क्लिक करा.

बाणापेक्षा मला आजूबाजूचा भाग काळवंडणं जास्त पटतं. व्हिडिओवर काळा लेयर (थर), ओपॅसिटी (अपारदर्शकता) ५० ते ६० टक्के, आणि हव्या त्या चौकटीपुरता मास्क कापलेला, म्हणजे तेवढा भाग उघडा. सरकारी वेबसाइटवर बॅनर आणि सरकत्या सूचना आधीच इतक्या असतात की लाल बाण त्या गर्दीत आणखी एक भर होतो. शिवाय लाल-हिरवा फरक न कळणाऱ्यांना हिरव्या पट्टीवरचा लाल गोल नीट उठून दिसत नाही. उजेड-अंधाराचा फरक त्यांनाही दिसतो.

कोपऱ्यातल्या चौकटीत स्वतःचा चेहरा ठेवता ना? चेहरा आणि हालचाल, नजर या दोन्हींकडे आपोआप जाते आणि बोलणाऱ्या चेहऱ्यात दोन्ही असतं. प्रस्तावनेला तो जरूर ठेवा, पण गट नंबर टाकायची वेळ आली की काढा. सबस्क्राइबची उडणारी घंटा तर कॅप्चा भरताना कधीच नको.

कट करतानाही नजर कुठे सोडली ते बघा. आधीच्या शॉटमध्ये बघणारा उजव्या कोपऱ्यातल्या 'सबमिट'वर असेल आणि पुढच्या शॉटमधलं काम डावीकडे वर सुरू होत असेल, तर नजरेला अख्खी स्क्रीन ओलांडावी लागते. टाइमलाइनवर दोन्ही शॉट एकावर एक ठेवा, वरच्याची ओपॅसिटी ५० टक्के करा, अंतर लगेच कळेल. जमत असेल तर दुसरा शॉट सरकवून महत्त्वाचा भाग त्याच जागी आणा. नसेल जमत, तर कटनंतर ८-१० फ्रेम शांत सोडा.

तयार व्हिडिओ तपासताना एकेका फ्रेमवर भरपूर ब्लर टाकून बघा. धूसर झाल्यावरही जे उठून दिसतं, नजर आधी तिकडेच जाणार. मग आवाज बंद करून तो व्हिडिओ हा फॉर्म कधीही न भरलेल्या माणसाला मोबाईलवर दाखवा आणि प्रत्येक क्लिकच्या आधी थांबवून विचारा, आता कुठे बघताय? बोट ठेवा. बोट भलतीकडे पडलं तर तिथली वस्तू झाका. बरोबर पण चाचपडत पडलं, तर क्लिक आणखी १०-१२ फ्रेम पुढे ढकला.