प्रतिक्रियेला उत्तर : "इमूला कधी हात तरी लावलाय का?"

दादा, तुमची कमेंट परवा रात्री वाचली. तेव्हाच उत्तर लिहिलं असतं तर भलतंच काहीतरी लिहून गेलो असतो, म्हणून दोन दिवस थांबलो. ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मी इमूची पिल्लं कशी सांभाळायची, खाद्य काय द्यायचं यावर लिहिलं होतं. त्यावर हे दादा म्हणतात की अंड्याचं वजन चुकलंय, हा "ऑस्ट्रेलियन शहामृग" आपल्या उन्हात ठेवणं क्रूरपणा आहे, विकायचं कुठं ते मी लपवलं, आणि शेवटी, "नेटवरून उचलून लिहिणाऱ्यांनी इमूला कधी हात तरी लावलाय का?"

अंड्याचं मान्य. मी एक किलो लिहिलं, ते साधारण पाचशे ते सातशे ग्रॅमचं असतं. चूक माझी, पोस्टमध्ये दुरुस्त केलीय. पण मग तुम्हीही शहामृग म्हणू नका. शहामृग आफ्रिकेतला, त्याच्या पायाला दोन बोटं, इमूला तीन. दुसऱ्याची चूक काढताना एवढं तरी बघून घ्यावं माणसानं.

आता ते शेवटचं वाक्य. दादा, मी सातारा जिल्ह्यातल्या दुष्काळी माण तालुक्यातला. आमच्याकडं पाऊस किती पडतो ते तुम्हाला कुणी सांगायला नको. 2009 ला वडिलांनी एक एकर विकून दहा जोड्या आणल्या, तीन महिन्यांची पिल्लं. कंपनीचं नाव घेत नाही. अंडी आम्हीच परत घेणार म्हणून स्टँपपेपरवर लिहून दिलं होतं त्यांनी. जोडी म्हणून दिलेल्यांपैकी दोन जोड्यांत दोन्ही नरच निघाले, आणि ते कळलं कधी, तर दीड वर्षानं आवाज फुटल्यावर, कारण नर-मादी दिसायला सारखेच. मादी घशातून ढुम्म ढुम्म वाजते, नर नुसता घुरघुरतो. आमची आई म्हणायची, लांब कुणीतरी रिकाम्या घागरीवर थापा मारतंय असं वाटतं. दिवस लहान व्हायला लागले की तो आवाज सुरू व्हायचा, आणि आईला तो आमच्या सगळ्यांच्या आधी ऐकू यायचा.

हात लावलाय का विचारता. इमू धरायचा तर मागून बाजूनं जाऊन ते इवलेसे पंख दोन्ही हातांत धरायचे आणि पक्षी आपल्या अंगाशी दाबून ठेवायचा, कारण लाथ पुढं बसते. हे मला कुणी शिकवलं नाही, मी समोरून गेलो होतो. डाव्या मांडीवर आठ टाके आहेत. पहिल्या वर्षी पिल्लं गुळगुळीत फरशीवर ठेवली, पाय फाकले, चार पिल्लांना पट्टी बांधून दिवसातून कितीदा उभं करत होतो मी, त्यातली दोन वाचली. म्हणून पोस्टमध्ये लिहिलं की खाली गोणपाट टाका. हे नेटवरचं नाही दादा, त्या दोन पिल्लांचं आहे.

आणि नर अंड्यांवर बसतो तेव्हा कधी बघितलाय का तुम्ही? मादी हिरवीगार अंडी घालून मोकळी होते, उबवायचं काम नराचं, जवळजवळ आठ आठवडे. तेवढ्या दिवसांत तो खात नाही म्हटलं तरी चालेल, उठतो तो फक्त अंडी फिरवायला. आम्ही सगळी अंडी उबवणीच्या मशीनला लावायचो, पण एका वर्षी लाइटचा भरवसा नव्हता म्हणून एका नराखाली राहू दिली. मी लसूणघास तोडून त्याच्या चोचीपाशी धरायचो, पाण्याची पाटी सरकवायचो, तो मान वर करून बघायचा आणि परत खाली ठेवायचा. पाठीवरून हात फिरवला तर कणा लागायला लागला हाताला. मी घाबरून डॉक्टरांना बोलावलं, ते म्हणाले, असंच असतं, बसू दे त्याला. सात पिल्लं निघाली, अंगावर पट्टे असलेली, आणि त्या दिवशी तो उठून पाणी प्यायला.

तुम्ही लिहिता की इमू म्हणजे फसवणूक. फसवणूक माणसांनी केली. नवीन शेतकऱ्याला पिल्लं विकून जुन्याचे पैसे फेडायचे, मटण आणि तेल कोण घेणार ते कुणी बघितलंच नाही, तो डोलारा पडणारच होता. 2012 ला तमिळनाडूत इरोडजवळ पेरुंदुराईची इमू कंपनी अशीच बुडाली, हजारो पक्षी उपाशी राहिले, सरकारला खाद्य पुरवायला लागलं. आमच्या कंपनीचे फोन त्याच वर्षी बंद पडले. गावात काहींनी पक्षी माळावर सोडून दिले. आम्ही नाही सोडले. खाद्य परवडेना तेव्हा मका भरडून, कोबीचा पाला आणून घातला. वडील गेले तेव्हा पक्ष्यांच्या वाड्यात नऊ इमू होते, आज तीन आहेत. एवढं सगळं झाल्यावर कुणीतरी मोबाईलवरून विचारतो हात लावलाय का, तर राग येणारच, आणि आला, लपवत नाही.

उन्हाचं म्हणाल तर ऑस्ट्रेलियाच्या मध्यात आपल्यापेक्षा कमी ऊन नाही, सावली आणि पाणी द्या, तो पाण्यात बसून घेतो. बाजाराचं म्हणाल तर ती पोस्ट पाळण्याबद्दल होती, विकण्याबद्दल नव्हती. मी कुणाला जोड्या घ्या म्हटलेलं नाही, परत एकदा वाचा, चष्मा लावून वाचा.

तुमची कमेंट काढत नाही, राहू दे. तुम्ही जवळपासचे असाल तर दिवाळीनंतर या, मादी वाजायला लागते तेव्हा. फक्त येताना घड्याळ, चाव्या, अंगठी घरात ठेवून मग वाड्याकडं चला. चमकतं ते हे पक्षी गिळतात. जाळी दुरुस्त केल्यावर खाली पडलेले बाइंडिंग वायरचे तुकडे मी उचलले नव्हते, आमची सगळ्यात मोठी मादी त्यानं गेली.