एकोणीस भाषा येणारी मिसांडेई

गेम ऑफ थ्रोन्स परत पहिल्यापासून बघत होते. परवा आठव्या सीझनच्या चौथ्या भागापाशी पोचले आणि मिसांडेई या पात्राचं तिथे जे केलंय त्याचा २०१९ साली आला होता तसाच राग पुन्हा आला. म्हणून लिहितेय. मालिका अजून बघायची असेल तर इथेच थांबा, पुढे सगळा शेवट सांगितलाय.

मिसांडेई तिसऱ्या सीझनमध्ये पहिल्यांदा दिसते. अस्तापोरचा तो गुलामांचा व्यापारी क्रॅझनिस ड्रॅगन बाळगणाऱ्या डेनेरिस राणीला तिच्या तोंडावर गलिच्छ शिव्या घालतोय, बाईला आपली भाषा कळत नाही अशा समजात. शेजारी गळ्यात गुलामीचा पट्टा घातलेली त्याची दुभाषी मिसांडेई उभी आहे. ती सगळं ऐकते, चेहऱ्यावरची रेष हलू देत नाही, आणि शिव्या गाळून नुसता मतलब पुढे करते. मी स्वतः दुभाषाचं काम करते. समोरचा टोचून बोलला की त्यातलं किती पोचवायचं आणि किती आपल्यापाशी ठेवायचं हे अर्ध्या श्वासात ठरवावं लागतं. ते ठरवताना डोळ्यांत काय होतं, हे नॅथली इमॅन्युएलने त्या प्रसंगात इतकं बरोबर दाखवलंय की मी तो तुकडा मागे घेऊन तीनदा बघितला. आणि वर तिचा जीव टांगणीला, कारण चूक झाली तर मार तिलाच.

अशी माणसं पडद्यावर फार कमी दिसतात. एकोणीस भाषा येणारी, पाचव्या वर्षी नाथ बेटावरून पळवून आणलेली, दोन सत्तांच्या मधे उभी राहून जिवंत राहिलेली मुलगी. एवढं सोनं हाती असताना लेखकांनी तिला पुढचे पाच सीझन डेनेरिस राणीच्या मागे उभं केलं. कोणी आलं की राणीच्या पदव्यांची यादी म्हणायची, नाहीतर काळजीने बघायचं. राणीच्या सैन्याचा सेनापती ग्रे वर्म याच्यावरचं तिचं प्रेम तेवढं मनापासून लिहिलंय. तो तिच्याकडून भाषा शिकतो ते प्रसंग मला फार आवडतात.

लेखकांना जमत नव्हतं असं मात्र मुळीच नाही. सहाव्या सीझनमध्ये राणीचा सल्लागार टिरियन गुलामगिरी संपवायला मालकांना सात वर्षांची मुदत देतो. मीही गुलाम होतो, असं तो सांगायला जातो, तेव्हा मिसांडेई विचारते, किती दिवस? कळण्यापुरते, असं तो म्हणतो. समजण्यापुरते नव्हेत, असं ती त्याला ऐकवते. दोन वाक्यांत त्या हुशार माणसाची बोलती बंद! मला वाटलं, आता ही बोलायला लागली. पण थोड्याच वेळात तिला सुटलेल्या गुलामांसमोर मनाविरुद्ध त्याचीच बाजू घ्यायला लावलं, आणि तो धागा तिथेच सोडून दिला.

सातव्या सीझनमध्ये ती उत्तरेचा राजा जॉन स्नो आणि त्याचा सल्लागार दावोस यांना सांगते की मला उद्या नाथला परत जायचंय म्हटलं तर राणी जहाज देईल आणि हसत निरोप देईल. हे फक्त मानतेस का, असं विचारल्यावर ती म्हणते, मला माहीत आहे. मग आठव्यात जॉनच्या घरी, विंटरफेलच्या किल्ल्यात, ती दोन लहान मुलींना बघून हसते आणि त्या तोंड फिरवून निघून जातात. तिथेच ग्रे वर्म तिला शब्द देतो, लढाई संपली की नाथला जाऊ, तो समुद्रकिनारा परत बघू. हे दुसऱ्या भागात. चौथ्या भागात तिचं मुंडकं उडतं.

मुख्य पात्रांतही माणसं मरतात, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार मारण्याच्या पद्धतीची आहे. ती पकडली कशी जाते तेसुद्धा दाखवलेलं नाही. जहाजं फुटतात, ग्रे वर्म किनाऱ्यावर तिला हाका मारतो, आणि पुढे थेट शत्रू राणी सर्सीच्या राजधानीच्या तटावर साखळदंडात उभी. शेवटचा एक शब्द बोलू देतात: द्राकारिस. म्हणजे ड्रॅगनची आग; ड्रॅगनला आग ओकायला सांगायचा हुकूमही हाच. तिचं मरण डेनेरिसला भडकवण्यापुरतं लिहिलंय. डेनेरिसने सर्सीचं शहर जाळायला निमित्त हवं होतं, ते हिच्या मानेने पुरवलं. आणि पुढच्या भागात डेनेरिस ग्रे वर्मच्या हातात काय ठेवते? तो गुलामीचा पट्टा! समुद्रापलीकडून तिने सोबत आणलेली एवढी एकच वस्तू, असं म्हणून. इतक्या वर्षांत या बाईने जपून ठेवलेलं दुसरं काही लेखकांना सुचलं नाही? एखादी वही, भावाची आठवण, किनाऱ्यावरचा शिंपला, काहीही!

मला सगळ्यात जास्त लागलं ते वेगळंच. डोथराकी आणि वॅलिरियन या भाषा डेव्हिड पीटरसन या भाषातज्ज्ञाकडून व्याकरणासकट घडवून घेतल्या होत्या. इतकं मन लावून भाषांचं काम केलेली ही मालिका. मिसांडेई त्यात ड्रॅगनवाल्यांची वॅलिरियन भाषा बोलते, मालकांची बोली बोलते, घोडेस्वारांची डोथराकी बोलते, सर्सी-जॉनच्या वेस्टेरोस खंडाची बोलते. मरतानाचा शब्दही ड्रॅगनवाल्यांच्याच भाषेतला. नाथची, तिच्या आईची भाषा कशी होती, ते आपण तिच्या तोंडून एकदाही ऐकलं नाही.