खुलासा : धुळ्याचा 'तो' वाडा आणि विश्वेश्वरय्या

माझ्या कादंबरीतला वाडा खरा आहे आणि अभियंते सर विश्वेश्वरय्यांनी आखलेल्या धुळ्याच्या नकाशापायी तो पाडला गेला, असा मजकूर सध्या व्हॉट्सॲपवर फिरतोय. दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत.

वाडा काल्पनिक आहे. धाब्याचं माळवद, सागवानी खांब, ओट्यावर आजीची वाळवणं हे सगळं मी खानदेशात पाहिलेल्या अनेक घरांतून घेतलं. रस्ता रुंद करायला आलेला माणूस ओट्यावर लाल रंगाची रेघ मारतो आणि आजी ती ओल्या फडक्याने पुसत बसते, तो प्रसंगही रचलेलाच.

आता नकाशाचं. धुळ्याच्या नव्या वस्तीची सरळ गल्ल्यांची आखणी कॅप्टन जॉन ब्रिग्ज या इंग्रज अधिकाऱ्याच्या काळातली. 1818 मध्ये इंग्रजांनी खानदेश घेतला, ब्रिग्जने धुळ्याला मुख्य ठाणं केलं आणि व्यापाऱ्यांना बोलावून वसवलं. विश्वेश्वरय्यांचा जन्म 1861 चा! ते 1884 मध्ये मुंबई इलाख्याच्या नोकरीत लागले, धुळ्याला आले आणि दातर्ती गावाजवळ पांझरा नदीच्या पाण्यासाठी नळाचा सायफन, म्हणजे पाणी पलीकडे नेणारी बंद नळवाट, बांधला. भर पावसात ते काम तडीस नेणं सोपं नव्हतं. खानदेशाने त्यांचं नाव त्या कामासाठी घ्यावं, न केलेल्या पाडापाडीसाठी नको.

मजकुरासोबतचा फोटोही कादंबरीतल्या वाड्याचा नाही, असूच शकत नाही. ज्यांनी तो पुढे पाठवला असेल त्यांनी हा खुलासाही त्याच ग्रुपवर टाकावा, ही विनंती.