विलायतेचा दाखला देणाऱ्यांना

2024 मध्ये महाराष्ट्राच्या अभ्यासक्रम आराखड्याच्या मसुद्यात गीता आणि मनाचे श्लोक पाठ करून घ्यायची सूचना आली, मनुस्मृतीतला एक श्लोकही आला, आणि आमच्या घरच्या ग्रुपवर जी जुंपली ती अजून मिटलेली नाही. थोरला भाऊ म्हणतो, संस्कार हवेतच. धाकटा म्हणतो, धर्म शाळेबाहेर ठेवा, ताईच्या इंग्लंडमध्ये बघा.

अरे, काय बघायचं? इथे सरकारी शाळेत धर्म हा विषय सक्तीचा आहे. 1988च्या कायद्याने रोजची सामूहिक प्रार्थनासुद्धा मुख्यतः ख्रिस्ती वळणाची हवी. किती शाळा ती गुंडाळून ठेवतात ते सोडा. पण काय शिकवायचं हे ठरवायला कौन्सिलकडे, म्हणजे इथल्या नगरपालिकेकडे, चर्चवाले, बाकी धर्मांची माणसं आणि शिक्षक एकत्र बसतात. पाठांतर नाही. माझी लेक वजू, म्हणजे नमाजाआधीचं हातपाय धुणं, करताना आधी हात, मग तोंड, मग नाक असं बोटांवर मोजत सांगते आणि त्याच आठवड्यात मला अथर्वशीर्षाचा अर्थ विचारून अडचणीत आणते.

मशिदीच्या सहलीची चिठ्ठी आली तेव्हा इथल्या आपल्याच मंडळींत कुजबुज झाली, 'कशाला पाठवायचं?' मुलाला धर्माच्या तासातून काढून घ्यायचा हक्क पालकांना कायद्यानेच आहे. हेच लोक वर्ग मंदिरात गेला की फोटो टाकतात!

आणि 2022च्या सप्टेंबरात मी राहते त्याच लेस्टरमध्ये हिंदू आणि मुसलमान पोरं रस्त्यावर समोरासमोर आली, हे धाकट्याने लगेच तोंडावर मारलं. इथल्याच शाळांत शिकलेली असणार बरीचशी. मग मीही आमच्या मिरजेतली 2009ची दंगल काढली, गणपतीतल्या अफझलखान वधाच्या कमानीवरून झालेली. तेव्हा तुम्ही कुठला विषय शिकवत होतात?

खरं तर मिरजेचं नाव निघालं की मी हळवी होते. दर्ग्याचा उरूस, अब्दुल करीम खाँसाहेबांच्या नावाने रात्रभर गाणं, सतारमेकर गल्लीत तुंब्यांचे ढीग. आम्हाला सलोखा शिकवावा लागला नाही, असं मी इथे मिरवत असते. पण दर्ग्यापलीकडे मी गेलेच नव्हते. मशिदीत पहिल्यांदा पाय ठेवला तो लेस्टरमध्ये, त्या सहलीला मुलं सांभाळायला म्हणून. गल्लीतल्या मैत्रिणीच्या घरी रोजे कसे चालतात हेही मला लेकीच्या वहीतून कळलं.

थोरला म्हणाला, 'एवढं कळतं तर ये आणि इथल्या शाळेत शिकव.' माझा पासपोर्ट आता इथला आहे, मिरजेत मला मतही नाही. मी त्याला अंगठा पाठवला आणि मग हे लिहायला बसले.