ग्रह घडायला अब्जावधी वर्षं लागत नाहीत

डिसेंबरात मृग नक्षत्र संध्याकाळी पूर्वेला दिसू लागलं, की मुंबईतल्या आकाशदर्शनाच्या आणि शाळांच्या ग्रुपांवर एक मजकूर फिरायला लागतो. सोबत काळ्या पार्श्वभूमीवर नारिंगी वर्तुळांचं चित्र असतं. मजकूर थोडक्यात असा: हा सूर्यमालेच्या जन्माचा फोटो आहे. ताऱ्याभोवतीची धूळ गुरुत्वाकर्षणाने हळूहळू जवळ येते आणि अब्जावधी वर्षांनी तिचे ग्रह होतात. चित्रातलं प्रत्येक काळं वर्तुळ म्हणजे एक ग्रह. निसर्ग घाई करत नाही आणि काही वाया घालवत नाही. अर्थात हे शास्त्रज्ञांचं अनुमान, प्रत्यक्ष कुणी पाहिलेलं नाही.

चित्र खरं आहे, पण मजकुरातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य चुकलेलं आहे. विज्ञान प्रदर्शनात मुलांनी हीच वाक्यं तक्त्यावर सुवाच्य अक्षरात उतरवलेली मी पाहिली आहेत, म्हणून त्यांचं उत्तर सविस्तर द्यायला हवं.

आधी चित्राबद्दल. ते सूर्यमालेचं नाही. चिलीच्या अटाकामा वाळवंटात, सुमारे ५,००० मीटर उंचीवर ६६ अँटेनांची 'अल्मा' ही रेडिओ दुर्बीण आहे. तिने २०१४ साली 'एचएल टॉरी' या ताऱ्याभोवतीची धुळीची तबकडी टिपली, तेच हे चित्र. तारा वृषभ राशीत, रोहिणीपासून जेमतेम दोन अंशांवर आहे. अर्थात ही जवळीक फक्त आकाशात दिसणारी. रोहिणी ६५ प्रकाशवर्षांवर आणि हा तारा सुमारे ४५० प्रकाशवर्षांवर. त्याचं वय फार तर १० लाख वर्षं आहे, आणि एवढ्यात त्याच्या तबकडीत इतकी रचना उभी राहिली आहे. म्हणजे मजकुरातल्या 'अब्जावधी'ला सोबतचं चित्रच खोटं पाडतं.

पण एका ताऱ्यावर विसंबायचं कारण नाही. ताऱ्याजवळची धूळ तापते आणि अवरक्त, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा उष्णतेचा, प्रकाश देते. त्यामुळे तबकडी असलेला तारा नुसत्या ताऱ्यापेक्षा अवरक्तात जास्त तेजस्वी दिसतो. वेगवेगळ्या वयांचे तारकागुच्छ घेऊन त्यांतल्या किती ताऱ्यांकडे हे जादा तेज आहे, ते मोजता येतं. नुकत्याच जन्मलेल्या गुच्छांत बहुतेक ताऱ्यांभोवती तबकडी असते. २०-३० लाख वर्षांच्या गुच्छांत हे प्रमाण निम्म्यावर येतं आणि १ कोटी वर्षांच्या आसपास अगदी थोडे तारे उरतात. ताऱ्यावर पडणाऱ्या वायूच्या खुणाही साधारण याच काळात मावळतात. अपवाद आहेत. 'टीडब्ल्यू हायड्री' या ताऱ्याने ८० लाख ते १ कोटी वर्षांच्या वयातही आपली तबकडी राखली आहे, आणि काही लहान तांबड्या ताऱ्यांकडे ती याहूनही जास्त टिकलेली सापडते. तरीही हे आकडे कोटींतले आहेत, अब्जांतले नाहीत.

माझ्या मते सगळ्या विषयाचा कणा इथेच आहे. तबकडीत वजनाने सुमारे ९९ टक्के वायू असतो आणि १ टक्का धूळ. गुरू आणि शनी प्रामुख्याने हायड्रोजन-हेलियमचे आहेत. हा वायू त्यांना तबकडी असेपर्यंतच मिळू शकत होता, नंतर तो तिथे नव्हताच. आपल्या सूर्याची तबकडी कधी संपली याचा पुरावा अशनींमध्ये, म्हणजे अवकाशातून पृथ्वीवर पडलेल्या दगडांमध्ये, आहे. सूर्यमालेतले सर्वांत जुने घन कण ४५६ कोटी ७० लाख वर्षांपूर्वीचे. त्यानंतर सुमारे ३८ लाख वर्षांनी घडलेल्या काही अशनींमध्ये तबकडीच्या चुंबकीय क्षेत्राची खूण सापडत नाही. हे क्षेत्र वायू असेपर्यंतच टिकतं, म्हणजे तोवर वायू विरला होता. लोहयुक्त अशनींच्या अभ्यासातून २०१७ साली असा निष्कर्ष निघाला, की पहिल्या १० लाख वर्षांच्या आतच गुरूचा गाभा वस्तुमानाने पृथ्वीच्या सुमारे २० पट झाला असावा. निसर्गाने घाई केली नसती तर गुरू घडलाच नसता.

पृथ्वी मात्र सावकाश घडली. वायू गेल्यावरही मोठमोठे खडकाळ पिंड आदळत राहिले आणि तिची बांधणी पुरी व्हायला काही कोटी वर्षं लागली. मजकुरातल्या संथपणाला आधार असेल तर एवढाच.

आता गुरुत्वाकर्षण. धुळीचा कण मायक्रॉनभर, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढा असतो, त्याचं गुरुत्वाकर्षण नगण्य. असे कण हळुवार आदळून रेणूंमधल्या आकर्षणाने चिकटतात आणि मिलिमीटर-सेंटिमीटरपर्यंत वाढतात. मग अडचण येते, कारण मोठे कण चिकटण्याऐवजी उसळतात किंवा फुटतात. शिवाय वायूला स्वतःच्या दाबाचा आधार असल्यामुळे तो ताऱ्याभोवती किंचित हळू फिरतो. खड्याला असा आधार नाही, त्याला जास्त वेगाने फिरावं लागतं. मरीन ड्राइव्हवर समोरच्या वाऱ्यात सायकल चालवावी, तसा तो सतत वायूला तोंड देतो, वेग गमावतो आणि ताऱ्याकडे सरकतो. पृथ्वीइतक्या अंतरावरचा मीटरभराचा दगड शंभरेक वर्षांत ताऱ्यात जाऊन पडेल, हे गणित १९७७ सालीच मांडलं गेलं. सावकाश वाढायला त्या दगडाला वेळच मिळत नाही.

यातून वाट कशी निघते? खडेही वायूला आपल्याबरोबर पुढे ओढतात, त्यामुळे ते एकत्र जमू लागतात आणि जमले की आणखी जमतात. हा झोत-अस्थैर्याचा सिद्धांत २००५ साली मांडला गेला. अशा दाट पुंजक्यात मग गुरुत्वाकर्षणाचं राज्य सुरू होतं आणि तो आकसून शंभरेक किलोमीटरचे पिंड एकदम बनू शकतात. म्हणजे गुरुत्वाकर्षण कथेच्या मध्यावर येतं, सुरुवातीला नाही.

काळ्या वर्तुळांबद्दलही घाईने बोलू नये. तबकडीत जिथे वायूचा दाब आजूबाजूपेक्षा जास्त असतो तिथे सरकणारे खडे अडतात आणि कडं तयार होतं. दोन कड्यांमधली जागा विरळ, म्हणून काळी. असा दाबाचा उंचवटा ग्रहामुळे तयार होऊ शकतो, तसाच चुंबकीय परिणामांमुळेही. एचएल टॉरीच्या प्रत्येक पोकळीत ग्रह असल्याचं सिद्ध झालेलं नाही.

'काही वाया जात नाही' हे वाक्य तर उलटं करून वाचावं. तबकडीतलं बरंचसं द्रव्य ताऱ्यातच पडतं. काही चुंबकीय क्षेत्राने तबकडीवरून उडवलेल्या वायूच्या वाऱ्यांबरोबर निघून जातं, उरलेला वायू ताऱ्याच्या अतिनील आणि क्ष-किरणांनी तापून उडून जातो. आज सर्व ग्रहांचं मिळून वस्तुमान सूर्याच्या सुमारे ०.१३ टक्के आहे. ते घडवायला सूर्याच्या किमान १ टक्का वस्तुमानाची तबकडी लागली असावी, असा हिशेब आहे. मृगाच्या तलवारीतल्या तेजोमेघात, जो मुंबईतूनही द्विनेत्रीने दिसतो, मोठ्या ताऱ्यांच्या अतिनील प्रकाशाने शेजारच्या तबकड्या अक्षरशः उडून जाताना हबल दुर्बिणीने टिपल्या आहेत.

'कुणी पाहिलेलं नाही' याचं उत्तर 'पीडीएस ७०' हा तारा देतो. सुमारे ३७० प्रकाशवर्षांवरच्या, ५० लाख वर्षांच्या आसपास वय असलेल्या या ताऱ्याच्या तबकडीच्या पोकळीत २०१८ साली एक आणि २०१९ साली दुसरा ग्रह थेट दिसला. त्यांच्यावर वायू पडत असल्याच्या खुणा मिळाल्या आहेत, आणि दुसऱ्या ग्रहाभोवती त्याची स्वतःची छोटी तबकडी अल्माने दाखवली आहे.

याच मजकुरासोबत कधीकधी 'बीटा पिक्टोरिस' या ताऱ्याच्या तबकडीचं चित्र जोडलेलं असतं. तिचं पहिलं छायाचित्र १९८४ सालचं. ती वेगळीच गोष्ट आहे. तारा सुमारे २ कोटी वर्षांचा आहे आणि त्याची मूळ तबकडी केव्हाच संपली आहे. आज दिसणारी धूळ लघुग्रह-धूमकेतूंसारखे पिंड एकमेकांवर आदळून नव्याने तयार होते. ती पुरवली गेली नाही तर ताऱ्याचा प्रकाशच ती साफ करून टाकेल. आपल्या सूर्यमालेतही अशी विरळ धूळ आहे. काळोख्या गावाकडे संध्याकाळनंतर किंवा पहाटेआधी क्षितिजावर अंधूक उजेडाचा पट्टा, म्हणजे राशिप्रकाश, दिसतो तो तिच्यामुळे, आणि ती मुख्यतः धूमकेतू आणि लघुग्रहांपासून येते.